उन्हाळ्यातील बागकाम आणि घरगुती उपाय: पन्हे कुठपर्यंत, दवाखाना कधी?

चंद्रपूरचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मे २०१९ मध्ये येथे ४८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ ते ४६ अंशांच्या घरात असणे ही येथील नेहमीची गोष्ट आहे. औष्णिक वीज केंद्राची वसाहत असलेल्या ऊर्जानगरात बहुतेक क्वार्टरच्या पुढेमागे थोडीफार जागा असते. तिथे तुळस, कढीपत्ता, लिंबू, पपई, मोगरा, वेलवांगी असे काहीतरी लावलेले असतेच. निवृत्त झालेली मंडळी आणि घरातल्या गृहिणी ही बाग मनापासून सांभाळतात. उन्हाळ्यात झाडे कोमेजू लागली की माणूस त्यांच्यासाठी उन्हात उतरतो, आणि त्रासाची सुरुवात तिथूनच होते.

आपल्याकडे उन्हावर घरगुती उपायही भरपूर आहेत. कैरीचे पन्हे, ताक, खिशात कांदा, वाळ्याचे पाणी, पळसाच्या फुलांच्या पाण्याची आंघोळ. यातील काही खरोखर उपयोगी आहेत, काही निरुपद्रवी आहेत, तर काहींमुळे मोलाचा वेळ वाया जातो. बागकाम कसे केले म्हणजे ऊन लागणार नाही, कोणता घरगुती उपाय कशासाठी वापरावा आणि तो कुठे थांबवावा, हे या लेखात पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

• घरगुती उपाय ऊन लागू नये म्हणून आणि सुरुवातीच्या थकव्यासाठी आहेत. उष्माघातावर ते औषध नाहीत.
• माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा तो बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजा. तोंडाने काहीही देऊ नका, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.
• आधी शरीर थंड करायचे, मग दवाखान्यात न्यायचे. वाटेतही थंड करणे चालू ठेवायचे.

कोरड्या उन्हाचा धोका लवकर का कळत नाही?

आपले शरीर आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखते. बाहेरची हवा शरीरापेक्षा गरम झाली की उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग एकच उरतो, तो म्हणजे घाम येणे आणि तो वाळणे. मुंबई-कोकणात हवा दमट असल्याने घामाने कपडे चिंब होतात आणि माणूस सावध होतो. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याबरोबर उडून जातो. अंग कोरडे वाटते, "मला तर घामच आला नाही" असे माणूस म्हणतो. प्रत्यक्षात खुरपणी, खोदकाम किंवा पाण्याच्या बादल्या वाहण्यासारख्या कामात तासाला एक लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी शरीरातून गेलेले असते.

तहानेवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, विशेषतः साठीनंतर. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते आणि घामाची क्षमताही घटते. म्हणून वीस वर्षे याच बागेत काम केलेल्या माणसालाही एका उन्हाळ्यात अचानक त्रास होऊ शकतो. बाग तीच असली तरी शरीर बदललेले असते.

शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. पुण्या-मुंबईहून सुट्टीत आलेल्या मुलांनी आणि नातेवाइकांनी आल्या दिवशी बागेत किंवा शेतात राबू नये. हंगामातील पहिल्या कडक उन्हाच्या दिवसांत हीच काळजी सर्वांनी घ्यावी.

बागकाम कधी आणि कसे करावे?

वेळ: सर्वात चांगली वेळ सकाळची आहे. पूर्ण उजाडल्यापासून साधारण साडेआठपर्यंत काम आटोपावे. कमाल तापमान दुपारी तीन-चारच्या सुमारास असते आणि जमीन, भिंती, फरशी संध्याकाळीही तापलेल्याच असतात. त्यामुळे खोदणे, छाटणी, कुंड्या हलवणे अशी कष्टाची कामे सकाळीच करा. संध्याकाळी फक्त पाणी द्यावे.

उन्हापासून वाचायचे म्हणून पहाटेच्या अंधारात किंवा रात्री बागेत जाणे मात्र आपल्या भागात योग्य नाही. ऊर्जानगर, दुर्गापूर आणि वीज केंद्राच्या परिसरात झुडपी जंगल आहे आणि बिबट्या व वाघाचा वावर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच परिसरात त्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली. वाकून किंवा खाली बसून काम करणाऱ्या माणसाला धोका अधिक असतो. उजाडण्याआधी आणि दिवेलागणीनंतर बागेत एकटे जाऊ नका, लहान मुलांना पाठवू नका आणि कुंपणालगतची झुडपे विरळ ठेवा.

कामाची पद्धत: १५ ते २० मिनिटे काम, मग सावलीत पाच-दहा मिनिटे विश्रांती. प्रत्येक विश्रांतीत एक पेला पाणी घ्या. सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला. डोक्यावर टोपी किंवा दुपट्टा हवा. दुपट्टा ओला करून घेतला तर अधिक गारवा मिळतो. घरात कोणाला तरी सांगून बाहेर पडा. वयस्कर माणूस अर्ध्या तासात परत आला नाही तर कोणीतरी बघायला जायला हवे.

काम कमी करणारी बाग: झाडांच्या आळ्यात वाळलेला पाला, गवत किंवा भुशाचे दोन-तीन इंचांचे आच्छादन घाला. ओलावा टिकतो, पाणी कमी वेळा द्यावे लागते आणि तुमच्या उन्हातल्या फेऱ्याही कमी होतात. कुंड्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या बाजूला, एकमेकींजवळ ठेवा. पश्चिमेच्या उन्हावर हिरवी जाळी लावा. नवी रोपे लावणे आणि मोठी छाटणी पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत पुढे ढकलली तर झाडालाही सोयीचे आणि तुम्हालाही.

रबरी पाइप: उन्हात पडलेल्या पाइपमधील पहिले पाणी चटका बसण्याइतके गरम असते. ते आधी वाहू द्या. मुलांच्या अंगावर थेट सोडू नका.

पाल्यात हात घालताना: कुंड्यांखाली, विटांच्या ढिगात आणि पाल्यात गारवा असतो, म्हणून विंचू आणि साप तिथे येतात. हाताऐवजी खुरपे किंवा काठी वापरा, पायात बूट घाला. साप चावल्यास चिरा देणे, रक्त चोखणे, आवळून दोरी बांधणे, झाडपाला लावणे हे काहीही करू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता रुग्णाला थेट शासकीय रुग्णालयात न्या. सर्पदंशावरील प्रतिविष तिथे मोफत दिले जाते. मण्यार चावल्यावर अनेकदा ना सूज येते ना फारसे दुखते, म्हणून "काही झाले नाही" असे समजून घरी थांबू नका.

फवारणी: उन्हाळ्यात कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळा. गरम हवेत औषधाची वाफ जास्त होते आणि उघड्या, घामट त्वचेतून ते शरीरात जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्या शेजारचेच उदाहरण आहे. फवारणीनंतर मळमळ, तोंडाला पाणी सुटणे, धूसर दिसणे, स्नायू फडफडणे असे झाले तर ते "ऊन लागले" समजून पन्हे देत बसू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा.

कोणता घरगुती उपाय किती उपयोगी?

कैरीचे पन्हे: उत्तम. पाणी, मीठ आणि साखर किंवा गूळ हे तिन्ही त्यात आहेत. बागेतून आल्यावर एक पेला घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी गूळ-साखर अगदी कमी घालावी, जिरेपूड आणि थोडे मीठ पुरेसे आहे.

ताक: पातळ, मीठ-जिरे घातलेले ताक रोज घ्यायला चांगले. ते ताजे असावे. दुपारभर बाहेर राहिलेल्या ताकाने पोट बिघडू शकते.

लिंबू सरबत, बेलाचे सरबत, नारळपाणी: पाण्याची भरपाई म्हणून चांगले. मात्र मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी नारळपाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, त्यात पोटॅशियम बरेच असते.

सब्जा, वाळ्याचे पाणी, गुलकंद: चवीसाठी आणि आवडीसाठी घेण्यास हरकत नाही. फायदा मुख्यतः सोबत पोटात जाणाऱ्या पाण्याचा आहे. गुलकंदात भरपूर साखर असते, हे मधुमेहींनी लक्षात ठेवावे.

खिशातला कांदा: जेवणात कच्चा कांदा अवश्य खा. पण खिशातला किंवा टोपीखालचा कांदा ऊन शोषून घेतो याला आधार नाही. कांदा जवळ आहे म्हणून माणूस भर दुपारी निर्धास्तपणे बाहेर पडतो, हा त्याचा खरा तोटा.

उकडलेल्या कैरीचा गर अंगाला चोळणे, पळसाच्या फुलांचे पाणी: गारवा वाटतो तो ओलाव्यामुळे. साध्या पाण्याने तेच काम अधिक लवकर होते. ऊन लागलेला माणूस समोर असताना कैरी उकडण्यात वेळ घालवू नका.

मीठ-साखर पाणी आणि ओआरएस: उलट्या, जुलाब किंवा खूप घाम गेल्यावर यासारखा दुसरा उपाय नाही. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने मूठभर टाकू नका, जास्त मीठ लहान मुलांना घातक ठरते. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात पूर्ण पाकीट मिसळा. काही पाकिटे एक लिटरसाठी, काही लहान २०० मिलिलिटरसाठी असतात. तयार पाणी २४ तासांनंतर फेकून द्या.

चहा आणि शीतपेये पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत. दारू तर उन्हात पूर्ण टाळावी. गाडीवरच्या बर्फाचे पाणी कुठले असते ते कळत नाही, त्यातून कावीळ आणि विषमज्वर होऊ शकतो.

किरकोळ तक्रारी आणि घरी करता येण्यासारखे उपचार

घामोळ्या: दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आंघोळ, सैल सुती कपडे, हवेशीर खोली. कॅलामाइन लोशनने खाज कमी होते. पावडरचे जाड थर लावल्याने घामाची छिद्रे अधिक बुजतात.

नाकातून रक्त येणे: कोरड्या हवेमुळे मुलांमध्ये हे वरचेवर दिसते. बसवा, मान थोडी पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून सलग दहा ते पंधरा मिनिटे दाबा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगा. मान मागे टाकू नका, रक्त घशात जाते. अर्ध्या तासात थांबले नाही, किंवा रुग्णाला रक्तदाब असेल अथवा तो रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल, तर दवाखान्यात या.

उन्हाळे लागणे: लघवी कमी, पिवळी आणि जळजळ होत असेल तर आधी पाणी वाढवा. दिवसभरात लघवी फिकी झाली की पाणी पुरेसे आहे असे समजा. ताप, थंडी, पाठीत किंवा कुशीत कळ, लघवीतून रक्त, किंवा दोन दिवसांत आराम न पडणे, यांपैकी काही असेल तर तपासणी हवी. हा जंतुसंसर्ग किंवा मूतखडा असू शकतो.

पायात गोळे येणे, थकवा, डोके दुखणे, मळमळ: ही उष्णतेच्या त्रासाची पहिली पायरी आहे. काम थांबवा, सावलीत किंवा कूलरजवळ आडवे व्हा, अंग ओले करा, ओआरएस किंवा पन्हे घोटघोट घ्या. साधारण अर्ध्या-एक तासात बरे वाटायला हवे. वाटले नाही तर दवाखाना. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा बागेत जाऊ नका.

उष्माघात: येथे घरगुती उपाय थांबतात

शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस (१०४ फॅरेनहाइट) किंवा त्याहून वर गेले आणि मेंदूवर परिणाम दिसू लागला की तो उष्माघात. खुणा अशा: असंबद्ध बोलणे, चिडचिड किंवा विचित्र वागणे, झोकांड्या जाणे, झटके, बेशुद्धी. "उष्माघातात घाम येत नाही" हे अर्धवट खरे आहे. कष्टाचे काम करताना उष्माघात झालेल्या माणसाला घाम येत असू शकतो. म्हणून त्वचा कोरडी होण्याची वाट पाहू नका. बोलणे-वागणे बदलले हीच खूण धरा.

अशा वेळी हे करा:

१. १०८ वर फोन करायला एकाला सांगा. दुसऱ्याने लगेच रुग्णाला सावलीत घ्यावे.
२. जाडजूड आणि घट्ट कपडे काढा. माठातले, नळाचे, कूलरचे, जे गार पाणी हाताशी असेल ते डोक्यापासून पायापर्यंत सतत ओता.
३. पंखा, कूलर, पुठ्ठा, जे असेल त्याने वारा घाला. ओल्या अंगावर वारा लागला तरच उष्णता वेगाने निघते. ४५ अंशांत कोरड्या अंगावर नुसता पंखा गरम हवाच फेकतो.
४. मान, काखा आणि जांघा येथे बर्फाच्या पिशव्या किंवा गार ओले फडके ठेवा.
५. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी, पन्हे, कांद्याचा रस काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाते.
६. पॅरासिटामॉल देऊ नका. संसर्गाच्या तापावर ते चालते, उष्माघाताच्या तापमानावर त्याचा उपयोग होत नाही आणि यकृतावर भार पडतो.
७. गाडीतही काचा उघड्या ठेवून ओले फडके आणि वारा चालू ठेवा.

"तापलेल्या अंगावर गार पाणी टाकले की लकवा मारतो" ही भीती आपल्याकडे घट्ट बसली आहे. त्यामुळे घरचे लोक रुग्णाला चादरीत गुंडाळून तसेच गरम अंगाने आणतात. उष्माघातात गार पाण्याने लकवा होत नाही. उलट शरीर जितका वेळ ४० अंशांच्या वर राहते तितके मेंदू, मूत्रपिंड आणि यकृताचे नुकसान वाढते. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते, आणि तो अर्धा तास बहुधा घरच्यांच्याच हातात असतो. दवाखाना गाठेपर्यंतचे पाणी हा उपचाराचाच पहिला भाग आहे.

यांनी विशेष काळजी घ्यावी

सिकलसेलचे रुग्ण: चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार अनेक कुटुंबांत आहे. शरीरातील पाणी कमी झाले की लाल पेशी अधिक सहज विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. या रुग्णांनी उन्हातले बागकाम, मोहफुले किंवा तेंदूपत्ता वेचण्याचे काम शक्यतो टाळावे. पाण्याची बाटली सतत जवळ ठेवावी. घामाघूम असताना एकदम बर्फाच्या पाण्याने आंघोळही करू नये, अचानक थंडीनेही वेदना सुरू होतात. (उष्माघात झाला असेल तर मात्र शरीर थंड करणेच महत्त्वाचे.) छातीत दुखणे, धाप, ताप किंवा खूप वेदना असतील तर लगेच रुग्णालयात जावे.

रक्तदाब आणि हृदयाचे रुग्ण: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात चक्कर येऊ शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टरांना भेटून मात्रा तपासून घ्या. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असल्यास किती पाणी प्यायचे हेही विचारा. "भरपूर पाणी, भरपूर मीठ" हा सल्ला तुमच्यासाठी नाही.

मानसिक आजारांवरील काही औषधे आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या घाम कमी करतात. ती चालू असतील तर दुपारी बाहेर पडू नका.

इन्सुलिन घेणारे: इन्सुलिन उन्हात, गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका. फ्रीज नसेल तर पाण्याच्या मडक्यात तरंगत्या कोरड्या, बंद डब्यात ठेवता येते.

गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले आणि एकटे राहणारे वृद्ध यांच्याकडे शेजाऱ्यांनीही दुपारी एकदा डोकावावे.

कूलर, कुंड्या आणि डास

उन्हाळ्यात बाकी सगळे कोरडे असताना डेंग्यूचा डास आपल्या घरातच पाणी शोधतो. कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनी प्लांटची बाटली, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी. आठवड्यातून एक दिवस ठरवून हे सर्व रिकामे करा, घासा आणि कोरडे करून पुन्हा भरा. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. माठ आणि रांजण झाकून ठेवा.

वाळलेला पाला जाळू नका. धुराने दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो, आणि तोच पाला आच्छादनाला कामाला येतो. बागेतील पालेभाजीवर धूळ आणि राख बसते, ती वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुऊनच वापरा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उन्हातून आल्याबरोबर पाणी प्यावे का?
होय. गुळाचा खडा आणि पाणी देण्याची आपली रीत चांगलीच आहे. साधे किंवा माठातले पाणी घोटघोट प्यावे. थांबण्याची गरज नाही.

दिवसाला किती पाणी प्यावे?
सर्वांना एकच माप लागू नाही. घरात बसणाऱ्याला अडीच-तीन लिटर पुरते, उन्हात काम करणाऱ्याला बरेच जास्त लागते. लघवीचा रंग पाहा. नुसते साधे पाणी तासाभरात लिटर-दीड लिटर पिऊ नका. सोबत ताक किंवा ओआरएस असू द्या.

गुळवेल, कोरफड बागेत आहे, रोज घेऊ का?
"झाडपाला आहे, अपाय होणार नाही" असे गृहीत धरू नका. गुळवेल दीर्घकाळ घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. कोरफडीच्या पानातील पिवळ्या चिकाने जुलाब होतात, आणि उन्हाळ्यात जुलाब म्हणजे आणखी पाणी कमी होणे. दुसरी औषधे चालू असतील तर विचारूनच घ्या.

बाग दोन दिवस सुकली तर आच्छादनाने आणि पाण्याने बहुतेक झाडे पुन्हा पालवतात. ४५ अंशांच्या दुपारी झाडाला पाणी देण्याची घाई करू नका. माठ भरलेला, ओआरएसची दोन पाकिटे घरात आणि १०८ हा क्रमांक घरातील लहान मुलांनाही पाठ, एवढी तयारी प्रत्येक घरात उन्हाळा सुरू होण्याआधीच असावी.